सहज विचारायचे होते, पण इंग्रजीत

प्रश्न : पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये परदेशी ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार मी पाहतो. नेदरलँड्सच्या खरेदीदाराने यंदा ५०० ग्रॅमपेक्षा लहान पनेट (द्राक्षे भरायचे छोटे डबे) मागवले, तेव्हा निव्वळ कुतूहलाने मी ‘व्हाय डू यू वॉन्ट स्मॉलर पनेट्स?’ असे लिहिले. उत्तरादाखल, जणू मी जाबच विचारला होता, असा लांबलचक खुलासा आला. लेखी इंग्रजीत सहज म्हणून कसे विचारावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. समोरासमोर ‘का हो?’ म्हणताना आवाज जे काम करतो, ते कागदावर शब्दांना करावे लागते, आणि आपल्या वाक्यात ते शब्द नव्हते. ‘आय वॉज वंडरिंग व्हाय यू प्रिफर स्मॉलर पनेट्स’ असे लिहिले असते, तर सूर मवाळ झाला असता. यातला भूतकाळ घडून गेलेल्या गोष्टीचा नाही. आपणही आत्ताच विचारत असताना ‘जरा विचारायचे होते’ असे म्हणतो आणि त्या ‘होते’मुळे समोरच्यावरचा उत्तराचा दाब कमी होतो. मराठी माणसाला ही रचना परकी वाटू नये, असे मला मनापासून वाटते. मात्र ‘व्हाय’नंतर ‘डू’ येत नाही आणि वाक्य पूर्णविरामाने संपते, कारण रूपाने ते विधान आहे.

‘आय वंडर व्हाय यू चेंज्ड द ऑर्डर’ असे लिहिताना सावध असावे. दुसऱ्याच्या निर्णयाबद्दल वर्तमानकाळातले हे वाक्य नाराजीसारखे वाचले जाऊ शकते. ‘जस्ट क्युरियस’ ओळखीच्या माणसापुरते ठीक. ‘आउट ऑफ क्युरिऑसिटी’ने सुरुवात केली, तर उत्तरावर काहीही अडलेले नाही, हे वाचणाऱ्याला आधीच कळते, म्हणूनच पैसे कधी जमा होणार, हे विचारताना तो शब्दप्रयोग वापरू नये. तिथे ‘कुड यू प्लीज कन्फर्म’ हेच योग्य.

‘आय हॅव अ डाउट’ मात्र परदेशी पत्रात कटाक्षाने टाळावे. आपल्या ‘शंका’ या शब्दात प्रश्न आणि संशय दोन्ही मावतात, त्यामुळे भारतात हे वाक्य सर्रास चालते. भारताबाहेरच्या वाचकाला त्यात बहुधा संशयच दिसतो, आणि आपल्या खरेदीदाराला तर पुन्हा एक खुलासा लिहावासा वाटेल.