रक्तातला विषाणू जातो कुठे?

प्रश्न : वेस्ट नाईल आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू पक्ष्यांच्या किंवा डुकरांच्या रक्तात काही दिवसच सापडतात आणि मग कोणत्याही औषधाशिवाय नाहीसे होतात, असे वाचनात आले. ते रक्तातून काढून टाकण्याचे काम शरीरात नेमके कोण करते? आणि डास घोड्यालाही चावतात, तर घोड्यापासून हे रोग पुढे का पसरत नाहीत?

उत्तर : रक्तात एखाद्या क्षणी किती विषाणू आहेत, हे दोन वेगांवर ठरते. संसर्ग झालेल्या पेशी नवे विषाणू रक्तात सोडत असतात तो एक वेग, आणि शरीर ते रक्तातून उचलत असते तो दुसरा. विषाणू आधी बिनविरोध वाढतात आणि मग एखाद्या दिवशी प्रतिपिंडे येऊन त्यांचा फडशा पाडतात, असा अनेकांचा समज असतो. परंतु उचलण्याचे काम विषाणू रक्तात शिरल्यापासूनच सुरू झालेले असते. पहिल्या एक-दोन दिवसांत उत्पादनच इतके अफाट असते, की नळ पूर्ण सोडलेला असताना बादली उपसत बसावे, तशी स्थिती होते.

हे उपसण्याचे काम मुख्यतः यकृत आणि प्लीहा या दोन अवयवांत चालते. यकृतातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना कुप्फर पेशी नावाच्या भक्षक पेशी चिकटून असतात. रक्त त्यांच्यावरून संथपणे वाहत जाते आणि त्यातील परके कण त्या पकडून गिळतात. चिकुनगुनियाच्या विषाणूवर उंदरांत झालेल्या प्रयोगांतून ही गोष्ट फार स्पष्टपणे पुढे आली आहे. या पेशींच्या पृष्ठभागावरील ‘मार्को’ नावाचा ग्राहक रेणू विषाणूला थेट पकडतो. हा रेणू नसलेल्या उंदरांत विषाणू रक्तात अधिक काळ राहतो आणि दूरच्या ऊतींपर्यंत अधिक प्रमाणात पोहोचतो. विशेष म्हणजे विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदलले, तरी तो या पकडीतून निसटू शकतो. प्रतिपिंडे तयार होण्याच्या कितीतरी आधी ही झटापट चाललेली असते, आणि संसर्ग सौम्य राहणार की सर्वांगात पसरणार याचा बराचसा निर्णय तिथेच लागतो, असे मला वाटते.

दुसरे काम म्हणजे उत्पादनालाच आळा घालणे. ते इंटरफेरॉन करतात. लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी 1957 मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या पटलांवर काम करताना यांचा शोध लावला. संसर्ग झालेली पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते, शेजारच्या पेशींना त्यातून इशारा मिळतो आणि त्या विषाणूची नक्कल होऊ न देणारी प्रथिने तयार करू लागतात. इंटरफेरॉन विषाणूला स्वतः मारत नाहीत, पण त्याला वाढायला जागा उरू देत नाहीत. ज्या उंदरांत इंटरफेरॉनचा इशारा ओळखणारा ग्राहक रेणूच नसतो, ते एरवी निभावून नेता येणाऱ्या संसर्गानेही दगावतात.

प्रतिपिंडे येतात ती साधारणपणे यानंतर. सर्वप्रथम येणारे आयजीएम हे पाच एककांचे मोठे प्रतिपिंड असून त्याला विषाणू धरण्यासाठी दहा जागा असतात. ते विषाणूला चिकटले, की त्याला नव्या पेशीत शिरणे अवघड होते आणि रक्तातील पूरक प्रथिनांच्या मदतीने भक्षक पेशींना तो अधिक सहज गिळता येतो. ज्या उंदरांना आयजीएम रक्तात सोडता येत नव्हते, ते वेस्ट नाईल विषाणूच्या अल्प मात्रेनेही मरण पावले. पुढे सस्तन प्राण्यांत आयजीजी आणि पक्ष्यांत आयजीवाय हे दीर्घकाळ टिकणारे प्रतिपिंड काम हाती घेते. पक्ष्यांच्या रक्तातील वेस्ट नाईलचा विषाणू बहुधा आठवड्याभरात दिसेनासा होतो, तो या सर्वांच्या एकत्रित परिणामामुळे.

आता घोडा. क्युलेक्स डास एका वेळी जेमतेम दोन-तीन मायक्रोलिटर रक्त पितो. प्रयोगांत वेस्ट नाईलची लागण केलेल्या घोड्यांच्या एक मिलीलिटर रक्तात जास्तीत जास्त हजाराच्या आसपास संसर्गक्षम विषाणू आढळले. म्हणजे डासाच्या पोटात दोन-तीन कणच जातील आणि तेवढ्यांनी डासाला सहसा लागण होत नाही. अमेरिकन कावळ्याच्या रक्तात मात्र हेच प्रमाण मिलीलिटरला एक अब्जावर जाऊ शकते, म्हणजे एका चाव्यात वीस लाखांहून अधिक कण. घोडा रोगाने मरू शकतो, तरीही तो विषाणूच्या दृष्टीने बंद गल्लीच ठरतो. कावळ्यात उत्पादनाचा वेग सफाईच्या वेगाला शेवटपर्यंत मागे टाकतो आणि बहुतेक कावळे काही दिवसांतच मरतात. 1999 मध्ये न्यूयॉर्क परिसरात कावळ्यांचे जे मृत्युसत्र दिसले, त्यामागे हेच कारण होते.

प्रश्न : रक्त स्वच्छ झाले, म्हणजे प्राणी विषाणूमुक्त झाला असे समजावे काय?

उत्तर : नेहमीच नाही. प्रतिपिंडे रक्तात उत्तम काम करतात, पण पेशींच्या आत लपलेल्या विषाणूपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. तिथे संसर्ग झालेल्या पेशीच नष्ट करणाऱ्या टी पेशींची गरज लागते, आणि मेंदूसारख्या अवयवात तेही काम जपूनच करावे लागते, कारण गमावलेल्या चेतापेशी भरून निघत नाहीत. रक्त निर्मळ झाल्यानंतरही चिमण्यांच्या अवयवांत वेस्ट नाईलचा जिवंत विषाणू कित्येक आठवडे आढळला आहे, तर हॅमस्टरच्या मूत्रातून तो अनेक महिने बाहेर पडत राहिल्याची नोंद आहे. डासाचा संबंध मात्र फक्त रक्ताशी येतो, त्यामुळे रोगप्रसाराचा हिशेब करताना रक्तातले ते मोजके दिवसच महत्त्वाचे ठरतात.

प्रश्न : बरा झालेला प्राणी पुन्हा विषाणूचा स्रोत होऊ शकतो काय?

उत्तर : त्याच विषाणूच्या बाबतीत सहसा नाही, कारण टिकून राहिलेली प्रतिपिंडे पुढच्या वेळी विषाणूला रक्तात डोके वर काढू देत नाहीत. म्हणूनच या विषाणूंना सतत नवे, कोरे यजमान लागतात. जपानी मेंदूज्वराच्या बाबतीत ती गरज डुकरे भागवतात. पिल्लांना आईकडून मिळालेली प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात, आणि त्यानंतर डास चावला की दोन ते चार दिवस त्यांच्या रक्तात डासाला लागण करण्याइतका विषाणू असतो. वर्षभर नवी वेत होत राहत असल्यामुळे अशी पिल्ले डासांना कधी कमी पडत नाहीत.