आधी फोडणी शीक

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

मेसच्या जेवणाला कंटाळलोय, स्वयंपाक शिकायचाय, असं तू लिहिलंस. वाचून फार बरं वाटलं. पण मोबाइलवर रोज नवा पदार्थ शोधत बसू नकोस. सुरुवातीचे काही आठवडे वरण-भात, आमटी, एखादी भाजी आणि पिठलं, एवढंच कर. पोळ्या सध्या विकत आण. कणकेवर हात बसायला वेळ लागतो आणि तिथेच बरेच जण हाय खाऊन सगळंच सोडून देतात.

३ लिटरचा कुकर, जाड बुडाची कढई, धारदार सुरी आणि मिसळणाचा डबा. एवढ्यात भागतं.

आधी फोडणी शीक. ती आली की निम्म्या भाज्या आल्याच. तेल नीट तापू दे. एक-दोन दाणे मोहरी टाकून बघ. लगेच तडतडली तर उरलेली घाल. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो, म्हणून तेल कोमट असेल तर मोहरी नुसती पडून राहते आणि भाजीत कडवट लागते. मग जिरं, हिंग, कढीपत्ता. हळद अगदी शेवटी, गॅस बारीक करून, कारण ती क्षणात करपते. आणि करपलीच तर सरळ टाकून दे, दुसरी कर. चमचाभर तेल वाचवण्यासाठी अख्खी आमटी कडू करण्यात अर्थ नाही.

डाळीचं आता. एक वाटी तूरडाळ अर्धा तास भिजव, मग तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद-हिंग घालून कुकरला लाव. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये दाबामुळे ते १२० च्या आसपास जातं, म्हणून डाळ इतक्या लवकर शिजते. आमटीतली चिंच किंवा आमसूल मात्र डाळ मऊ झाल्यावरच घाल. आंबटात डाळ शिजता शिजत नाही. झाकण वाफ पूर्ण जिरल्याशिवाय उघडायचं नाही, कितीही भूक लागलेली असो. हे मी कळकळीने सांगते आहे.

भाताला पाणी किती, हे तांदळावर ठरतं. जुन्या तांदळाला जास्त लागतं, नव्याला कमी. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाण्यापासून सुरुवात कर आणि पुढच्या खेपेला कमी-जास्त करून बघ. रात्रीचा उरलेला भात ओट्यावर ठेवू नकोस. तास-दीड तासात फ्रिजमध्ये जाऊ दे. शिजवूनही तग धरणारे काही जंतू त्यात उबेला वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. फ्रिजमधला भात सकाळी फोडणीला टाकलास की डब्याचा प्रश्न मिटला.

दमून उशिरा आलास तर पिठलं कर. बेसन आधी गार पाण्यात कालवून घे म्हणजे गुठळ्या होत नाहीत. फोडणीत लसूण-मिरची सढळ हाताने घाल.

दिवाळीला येशील तेव्हा कणीक मळायला बसू.

तुझी,
मावशी