पोती आधी खाली उतरवा

ताई, माझे वडील गणिताचे शिक्षक. पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. दोन वर्षांपूर्वी गेले. माझा मुलगा आठवीत आहे. चेहरा हुबेहूब आजोबांचा, पण गणितात काठावर पास. आज कुत्र्या-मांजरांचं क्लोनिंग होतं. उद्या माणसाचं झालं, तर बाबांची बुद्धी परत येईल का? बायको म्हणते, मला वेड लागलंय. घरात त्यांचं तसं काही उरलेलं नाही. माळ्यावर वह्यांची दोन पोती आहेत, ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातील.
— एक मुलगा, सांगली

क्लोनिंगचं आधी उरकून टाकते. २००१ साली टेक्सासमध्ये पहिलं क्लोन मांजर जन्मलं. जिची पेशी घेतली, ती मांजरी तिरंगी होती. पिल्लाच्या अंगावर केशरी रंगाचा मागमूस नाही. जनुकं तीच, तरी साधा केसांचा रंग उतरला नाही. आणि तुम्ही गणिताचं डोकं मागताय.

रामानुजनचं घ्या. कुंभकोणममध्ये, पंधरा-सोळा वर्षांचा असताना, कार नावाच्या इंग्रज मास्तरांचं जाडजूड पुस्तक त्याच्या हाती पडलं. हजारो सूत्रं, सिद्धता जेमतेम. त्या हा पोरगा स्वतःच शोधत बसला. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर करायची, कोपरानं पुसायची आणि वहीत फक्त उत्तर उतरवायचं. उद्या त्याचा क्लोन केला, तर ते पुस्तक, ती पाटी, ती तंगी कुठून आणणार? कुणी सांगावं, तो दिवसभर मोबाइलवर क्रिकेट बघेल.

१९२० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी रामानुजन गेला. त्याच्या वह्या १९५७ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं जशाच्या तशा छापल्या. अखेरच्या काळातले कागद १९७६ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांना सापडले. त्यातली एकेक ओळ सिद्ध करायला गणितज्ञांना पुढे कित्येक वर्षं लागली.

आणि तुम्ही पोती रद्दीत घालताय!

वर म्हणता, घरात काही उरलेलं नाही. अख्ख्या पत्रात तुम्ही एकतरी वही उघडून पाहिल्याचं लिहिलेलं नाही. बाबा कुठे अडले, काय खोडलं, कोणतं उदाहरण दुसऱ्या रीतीनं सोडवून पाहिलं, ते त्यांच्या अक्षरात वर पडलंय आणि तुम्ही खाली बसून त्यांच्या पेशींचा विचार करताय. राग येतो हो मला अशा माणसांचा.

येत्या रविवारी पोती उतरवा. धूळ झटका, एक वही घ्या आणि त्यातलं एक गणित स्वतः सोडवा. तुम्ही, मुलानं नव्हे. त्याला हाक मारू नका, ‘आजोबांची वही बघ’ म्हणून मागे लागू नका. आजोबांचा चेहरा त्यानं मागून घेतलेला नाही. आपणहून शेजारी येऊन बसला, तर सरकून जागा द्या.

आणि रद्दीवाल्याला सांगून ठेवलं असेल, तर आजच नको म्हणून कळवा.