नडगी दुखतेय म्हणून धावणं बंद आहे; दमसास कसा टिकवायचा?

आधी नडगी बोटाने चाचपून बघा. आतल्या कडेला चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीच्या हाडालगत होणारी दुखापत. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दाबल्यावर कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. मग सरळ ऑर्थोपेडिककडे जा. सुरुवातीच्या एक्स-रेत हा तडा बरेचदा दिसतच नाही, तेव्हा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच बूट चढवू नका.

दमसासाची काळजी एवढ्यात नको. आठवडाभर थांबल्याने तो फारसा घटत नाही. पुढे सायकल किंवा पोहणं, तेही दुखत नसेल तरच. मला विचाराल तर कमरेला फ्लोटिंग बेल्ट बांधून खोल पाण्यात धावणं सगळ्यात उत्तम: पाय तळाला टेकत नाहीत, छाती मात्र भात्यासारखी चालते. (कंटाळवाणं आहे, हे खरं.)

जोडीला टाचा उचलायचा व्यायाम, गुडघे सरळ ठेवून आणि वाकवूनही. भरभर चालूनही दुखेनासं झालं की एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी कुरकुरली तर धावणं कमी करा.