सही ज्याची, राजीनामा त्याचा

या वेळी पत्रं बरीच आली, त्यातली तीन एकाच विषयाच्या आसपासची निघाली म्हणून आंब्याच्या फवारणीचे आणि जमिनीच्या वाटणीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न : अण्णा, माझा भाचा अमेरिकेतच जन्मला, तिथल्या परराष्ट्र खात्यात नोकरीला आहे. गेले कित्येक महिने एकच धरून बसलाय की आमच्या खात्यातून मंजूर झालेली शस्त्रं इस्रायलला जातात आणि गाझात पोराबाळांवर पडतात, मला हे जमत नाही, मी राजीनामा देणार. माझी बहीण व्हिडिओ कॉलवर नुसती रडते. आमचे हे म्हणतात, सरकारी नोकरी कोणी सोडतं का, आणि एकट्याने सोडून युद्ध थांबतं का? असं खरंच कोणी केलंय का? तो मे महिन्यात इकडे येतोय, त्याला काय सांगू? — एक मावशी, गुहागर

उत्तर : ताई, सरकारी पद कोणी सोडतं का हे निदान कोकणात बसून तरी विचारू नये असं तुमच्या यजमानांना सांगा. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख, आयसीएस झालेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री, त्यांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिला. मुंबई काय दुसऱ्या दिवशी मिळाली नाही, 1 मे 1960 उजाडावा लागला. आता ते मंत्री होते आणि तुमचा भाचा नोकर माणूस, मंत्र्याचा राजीनामा पहिल्या पानावर येतो आणि नोकराचा एचआरच्या इनबॉक्समध्ये पडतो, हा फरक आहेच.

पण त्याच्याच खात्यातली उदाहरणं घ्या ना. जॉश पॉल नावाचा अधिकारी होता, पोलिटिकल-मिलिटरी अफेअर्स ब्यूरोत, म्हणजे परदेशांना द्यायच्या शस्त्रांच्या फाइली जिथून फिरतात नेमक्या त्या टेबलावर, 11 वर्षांहून जास्त काळ. ऑक्टोबर 2023 मध्ये, युद्ध सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, तो बाहेर पडला. त्याच्या पत्रातला मुद्दा मला फार प्रामाणिक वाटला, तो असं म्हणत नाही की मी धुतल्या तांदळासारखा आहे, तो म्हणतो या कामात तडजोडी असतात हे मला माहीतच होतं, माझ्या हातून होणाऱ्या वाइटापेक्षा चांगलं जास्त होतंय असं वाटेल तोवर राहायचं असं मी स्वतःशी ठरवलेलं, आता ते गणित जमत नाही.

हे गणित कळायला तिथली पद्धत थोडी बघावी लागते. 2016 च्या करारानुसार अमेरिका इस्रायलला 2019 ते 2028 या दहा वर्षांत 38 अब्ज डॉलरची लष्करी मदत देते, वर्षाला 3.8 अब्ज, आणि त्यातला बहुतेक पैसा अमेरिकन कंपन्यांकडून शस्त्रं घेण्यातच खर्च होतो. शिवाय लेही कायदा म्हणून एक आहे, 1997 पासूनचा, जी लष्करी तुकडी मानवी हक्कांची गंभीर पायमल्ली करते तिला मदत द्यायची नाही असं तो सांगतो. कागदावर झकास आहे. पण आपल्या किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचा नियम, कसा असतो, गरिबाच्या पडवीला नोटीस येते आणि बड्याचा बंगला लाटांना पाय लावून उभा राहतो, तसंच तिथेही देश बघून कायदा लागतो अशी आतल्या लोकांचीच तक्रार आहे. डिसेंबर 2023 मध्ये तर जवळजवळ 14 हजार टँकचे गोळे 'इमर्जन्सी' म्हणून काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, नेहमीच्या तपासणीला बगल देऊन विकायला मंजुरी दिली गेली.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट स्टेसी गिल्बर्ट यांची. त्याच खात्यात 20 वर्षं नोकरी, मदतकार्य आणि निर्वासित हाच त्यांचा विषय. इस्रायल गाझाची मदत अडवतंय का याचा अहवाल सरकारला काँग्रेसपुढे ठेवायचा होता आणि त्या कामात या बाई तज्ज्ञ म्हणून होत्या. मग मसुदा वरच्यांनी स्वतःकडे ओढून घेतला, या लोकांना बाजूला केलं, आणि 10 मे 2024 ला अहवाल आला तो काय, तर अमेरिकेच्या मदतीला इस्रायल आडकाठी करत नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि उघड सांगितलं की हे खरं नाही, हे आम्हा तज्ज्ञांचं म्हणणं नाही. ज्या कुणी सरकारी ऑफिसात टिपणी लिहिली आहे आणि ती साहेबाच्या केबिनमधून उलटी होऊन बाहेर आलेली बघितली आहे त्याला यातलं दुखणं वेगळं समजवायला नको.

आता या राजीनाम्यांनी युद्ध थांबलं का? नाही थांबलं. 2,000 पौंडी बॉम्बची एक खेप बायडन सरकारने मे 2024 मध्ये रोखली, ती काय राजीनाम्यांमुळे नाही, राजकारणामुळे, आणि जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प आल्यावर ती बंदीही उठली. तेव्हा यजमानांचा अर्धा मुद्दा बरोबरच आहे. पण जुलै 2024 मध्ये नोकरी सोडलेल्या 12 जणांनी एकत्र निवेदन काढलं, तोपर्यंत आतलं कामकाज कसं चालतं ते लोकांना कळत नव्हतं, ते कळलं, आणि 'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणायची सोय उरली नाही. मला विचाराल तर सोडणाऱ्याच्या हातात एवढंच असतं आणि ते कमी नाही.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण 1971 चं. ढाक्यातले अमेरिकन कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड. पाकिस्तानी लष्कर पूर्व बंगालात कत्तल करत होतं, अमेरिका पाकिस्तानच्या बाजूने, पाकिस्तानकडे शस्त्रंही अमेरिकन, आणि 6 एप्रिलला ढाक्यातल्या 20 अमेरिकन कर्मचाऱ्यांनी सह्या करून वॉशिंग्टनला निषेधाची तार केली, ब्लडनी तिला आपला पाठिंबा जोडून ती पाठवली. राजीनामा दिला नाही बरं का. तरी त्यांना तिथून हलवलंच, करिअर अडकलं ते अडकलंच. त्याच वर्षी डिसेंबरात आपली नौदलाची पोरं कराचीवर गेली, आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली, कोकणात नेव्हीतली घरं किती आहेत तुम्हाला ठाऊक आहे, त्या सगळ्यांना आपल्याला धाक दाखवायला आलेलं अमेरिकेचं सातवं आरमार आठवतं पण या 20 सह्या कोणाला आठवत नाहीत.

आणि गुपचूप सोडणारेही असतात. 1970 मध्ये अमेरिकेने कंबोडियात सैन्य घुसवलं म्हणून तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांच्या ऑफिसातल्या अँथनी लेक आणि रॉजर मॉरिस यांनी नोकरी सोडली, पण तेव्हा गाजावाजा केला नाही. लेक पुढे क्लिंटनचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. म्हणजे दरवाजा हळूच लावला तर पुन्हा उघडतो, हे व्यवहाराच्या दृष्टीने ठीक, पण बाहेरच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

तर भाचा आला की त्याला आधी पोटभर जेवू घाला आणि मग एकच विचारा, या शस्त्रांच्या कागदावर तुझी सही किंवा तुझी टिपणी लागते का? लागत असेल तर त्याचं म्हणणं खरं आहे, आईच्या रडण्यासाठी त्याने रोज तो कागद पुढे सरकवत राहावं असं मी तरी सांगणार नाही. लागत नसेल, तो व्हिसा नाहीतर वाणिज्याच्या टेबलावर असेल, तर घाई कशाला. तिथे 1971 पासूनच 'डिसेंट चॅनल' आहे, त्यातून लेखी मतभेद नोंदवता येतो, तो आधी नोंदव म्हणावं. गुप्त कागद मात्र घरी आणायचा नाही, नोकरी सुटली तरी ते बंधन सुटत नाही. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर पेन्शनचा हक्क शाबूत राहतो, हातात पुढे वयानुसार येतो, पण आरोग्य विमा जातो आणि अमेरिकेत विमा नसणं म्हणजे काय ते तुमच्या बहिणीला विचारा, घराचे हप्ते वेगळेच. हे सगळं बघून सोडायचं ठरलं तर नाव लावून, कारण सांगून सोड म्हणावं. राजीनामा खिशात घेऊन फिरणारे आपल्याकडे पुष्कळ झालेत.

प्रश्न : आम्ही अलिबागला इस्राएल आळीजवळ राहतो. शेजारच्या काकूंचे सगळे नातेवाईक इस्रायलला. गाझाच्या बातम्या लागल्या की आमच्या घरात आवाज चढतात आणि मग काकू समोर आल्या की अवघडल्यासारखं होतं. कसं वागावं? — एक वाचक

उत्तर : नेहमीसारखंच वागा. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून हे बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणी ज्यू लोक, आले अशी त्यांची परंपरा सांगते, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, इस्रायलला गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. तिथल्या सरकारचा हिशोब या काकूंकडे कसला मागता? वर सांगितलेल्या राजीनामा देणाऱ्यांत लिली ग्रीनबर्ग कॉल ही ज्यू मुलगी पण आहे, बायडनच्याच सरकारातली, मे 2024 मध्ये बाहेर पडली. आणि काकूंचा भाचा-पुतण्या कोणी तिकडे सैन्यात असेल तर आधी तो बरा आहे का ते विचारा, धोरणावर वाद नंतर चहा घेताना घालता येतो.

प्रश्न : मी राज्य सरकारच्या ऑफिसात क्लार्क, 2003 ला लागलो. गाझावर फेसबुकला लिहिलं तर साहेबांनी बोलावून झापलं. भारतातून पण तिकडे ड्रोन-दारूगोळा गेल्याच्या बातम्या आहेत. अशा सरकारची नोकरी नको वाटते. राजीनामा देऊ का? — मालवण

उत्तर : भाऊ, नका देऊ. तुमच्या टेबलावरून सातबारे आणि दाखले जातात, ड्रोन जात नाहीत. तुम्ही उठलात तर शस्त्रांचं काही अडणार नाही, पण दाखल्यासाठी तालुक्याला चार फेऱ्या मारणाऱ्या म्हातारीचं अडेल. ज्यांचा हात मालाला लागतो त्यांनी नकार दिल्याचं उदाहरण आपल्याकडे आहे, फेब्रुवारी 2024 मध्ये बंदर कामगारांच्या वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशनने जाहीर केलं की इस्रायलला जाणारी शस्त्रं आम्ही चढवणार-उतरवणार नाही. नोकरी कोणी सोडली नाही, युनियनने मिळून सांगितलं. निर्यात थांबवा म्हणून सुप्रीम कोर्टात याचिकाही झाली होती, त्यात निवृत्त अधिकारी पण होते, सप्टेंबर 2024 मध्ये कोर्टाने परराष्ट्र धोरणात आम्ही पडणार नाही म्हणून ती फेटाळली.

साहेबांनी झापलं त्याला मात्र आधार आहे. वर्तणूक नियमांत नोकराने सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू नये असं आहे, केंद्राच्या 1964 च्या नियमांत तर परदेशाशी संबंध अडचणीत येतील असं बोलू नये हेही लिहिलंय. मला हा नियम पटत नाही, पण लागू आहे. आणि राजीनामा स्वीकारतीलच असं पण नाही, 2019 मध्ये काश्मीरच्या निर्बंधांवरून आयएएस सोडणाऱ्या कण्णन गोपीनाथन यांना सरकारने पुढच्या वर्षी कोविडमध्ये चक्क कामावर हजर व्हा म्हणून कळवलं होतं.

तरी सोडायचंच असेल तर 'राजीनामा' हे शीर्षक अर्जावर घालू नका, राजीनाम्याने मागची सगळी सेवा जप्त होते आणि पेन्शन बुडतं. तुमची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची, म्हणजे जुनी पेन्शन आहे, आणि 20 वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा भरली असेल तर स्वेच्छानिवृत्ती मागता येते, फक्त बिनपगारी रजा वगैरे धरून सेवापुस्तकात 20 खरंच भरतात का ते आस्थापना शाखेत बसून तपासून घ्या. नोटीस तीन महिन्यांची आहे, तेव्हा गणपतीला मोकळं व्हायचं असेल तर अर्ज मे महिन्यातच टाका.