लहान होड्यांची मासेमारी टिकणारी आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

किनाऱ्यावरच्या लहान होड्यांना दरवर्षी साधारण तेवढाच मासा मिळत असेल तर ती मासेमारी टिकाऊ म्हणायची का, असं तुम्ही विचारलंय. नाही म्हणायची. याच मुद्द्यावर माझं आणि मेव्हण्याचं वर्षानुवर्षं वाजतंय, म्हणून लिहायला बसलो.

माझी बेळगावात माशांची खानावळ आहे. मेव्हणा वेंगुर्ल्याचा, पर्ससीनवाला, म्हणजे माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढून जाळं खालून आवळणारा. विषय निघाला की त्याचं ठरलेलं: "भावोजी, तुमका घाटावरच्यांका दर्यातला काय कळता? गेल्या वर्साइतकोच बांगडो गावलो."

एकदा त्याच्याच पडवीत बसून मी वही काढायला लावली. बांगडा खरंच तेवढाच होता. मग म्हटलं, आता डिझेल बघू. तो लगेच भाववाढीवर घसरला. मी म्हटलं, रुपये सोड, लिटर मोज. लिटर वाढलेले, मधे इंजिन बदललेलं, जाळंही वाढवलेलं. तेवढाच मासा आणायला जास्त लांब जावं लागतंय, म्हणजे समुद्रात तो तेवढा उरलेला नाही. यावर तो चहा सांगायला आत गेला.

कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था हेच करते. निवडक बंदरांवर तिची माणसं मासा तर मोजतातच, शिवाय किती होड्या गेल्या, किती तास जाळी लागली हेही लिहून घेतात आणि माशांची लांबी मोजतात.

लांबीचं तर मला रोज दिसतं. चोर्ला घाटावरून टेम्पो येतो, कॅम्पातल्या मार्केटात क्रेट उतरतात. वरच्या थरात चांगले बांगडे, हात घालून बर्फ बाजूला सारला की खाली तळहातात मावणारी पिल्लं. एकदाही अंडी न घातलेली. केरळात 14 सेंटिमीटरखालचा बांगडा आणि 10 सेंटिमीटरखालची तारली पकडायला बंदी आहे, ती उगाच नाही. तिथेच 2012 साली तारली 4 लाख टनांच्या आसपास होती, 2021 साली साडेतीन हजार टनही भरली नाही. 2012 चा आकडा बघून कोणाला वाटलं असतं?

आणि प्रत्येक वेळी परीक्षा लहान होडीवाल्याचीच का? एलईडी दिव्यांनी मासा ओढून घेऊन मासेमारी करायला केंद्राने 2017 सालीच बंदी घातली. तरी रात्री दिवे दिसतात म्हणून मालवणचे पारंपरिक मच्छीमार ओरडतच असतात. आधी ते बंद करा, मग रापणीवाल्याला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याला, प्रश्न विचारा.

रापणही धुतल्या तांदळासारखी नाही, हे खरं. बारीक आसाचं (भोकांचं) जाळं किनाऱ्याला ओढलं की त्यातही पिल्लं येतात. तारलीचं समुद्राच्या तापमानावरही फार अवलंबून असतं, सगळा दोष जाळ्यांवर टाकता येत नाही. आणि लहान मासेमारी नीट सांभाळता येते हेही खरं आहे: केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्यांनी प्रजननाच्या काळात काम बंद ठेवलं, जाळ्याचा आस ठरवून घेतला, आणि 2014 साली त्यांना मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर लिलावाच्या आकड्यांवर थांबू नका. एकाच बंदरातल्या जुन्या तांडेलांना (होडी चालवणाऱ्या म्होरक्यांना) विचारा, वीस वर्षांपूर्वी सुरमईसाठी किती वाव खोल पाण्यात जायचात आणि आता किती. मेव्हण्याला विचारलंत तर तो भाव सांगेल. त्याला लिटर विचारा.