इशाऱ्याला न जुमानता

प्रश्न असा आला आहे: "लष्करी चेकपॉइंटवर मोटारीतली सामान्य माणसं मारली गेली की टीव्हीच्या पट्टीवर कधी 'चकमकीत मृत्यू' येतं, कधी 'गोळीबार झाला' येतं. गाडीत कुणाकडेच शस्त्र नसेल तर 'चकमक' म्हणता येईल का? आणि चेकपॉइंटला मराठीत नेमका शब्द कोणता?"

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. नाही म्हणता येणार. चकमक हा शब्द तुर्कीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. ठिणगी पाडायची गार ती चकमक, आणि त्या अर्थाने मराठीत तो अजूनही सापडतो. गारेवर पोलाद आपटलं की ठिणगी उडते. एकटी गार पडून राहिली तर काही होत नाही. लढाईच्या अर्थाने शब्द वापरतानाही ही दोन बाजूंची अट सुटलेली नाही, दोन्हीकडून गोळ्या चालल्या तर चकमक. एका बाजूला मशीनगन आणि दुसऱ्या बाजूला बायकापोरांनी भरलेली गाडी असेल, तर हा शब्द नुसता सैल ठरत नाही, तो खोटा ठरतो. तो मेलेल्या माणसाच्या हातात बंदूक देतो.

चेकपॉइंटसाठी 'तपासणी नाका' उत्तम. 'चौकी'ही चालेल, पण तिच्यात पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या जागेचा भाव जास्त आहे. तात्पुरता अडथळा उभारून गाड्या अडवल्या असतील तर 'नाकाबंदी'. हा फरक मी मुद्दाम सांगतो आहे. 'नाका' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आडवा दांडा येतो, दिवा येतो, पाटी येते, थांबलेल्या गाड्यांची रांग येते. अशा ठिकाणी जो थांबला नाही तो ऐकणाऱ्याच्या मनात अर्धा गुन्हेगार होऊनच बसतो.

4 मार्च 2005 च्या रात्री बगदाद विमानतळाच्या वाटेवर इटलीच्या गुप्तचर खात्यातले अधिकारी निकोला कालिपारी मारले गेले. अपहरणकर्त्यांच्या ताब्यातून नुकत्याच सुटलेल्या पत्रकार जुलियाना स्ग्रेना यांना ते घेऊन येत होते. अमेरिकी सैनिकांनी गाडीवर गोळ्या झाडल्या, त्यात स्ग्रेनाही जखमी झाल्या. जगभरच्या बातम्यांत 'चेकपॉइंट' हा शब्द आला. प्रत्यक्षात अमेरिकी राजदूताचा ताफा जायचा म्हणून अंधारात तात्पुरता अडवलेला तो रस्ता होता, आणि पुढे इशारा देणारी पाटीच नव्हती असं इटलीच्या अहवालात म्हटलं आहे. अमेरिकी अहवालाने सैनिकांना दोषी धरलं नाही. दोन मित्रदेशांचे अहवाल जुळले नाहीत, पण बातमीतला 'चेकपॉइंट' तसाच राहिला. त्याच वर्षी जानेवारीत इराकमधल्याच तल अफर शहरात संध्याकाळी पायी गस्त घालणाऱ्या तुकडीने जवळ येणाऱ्या मोटारीवर गोळ्या झाडल्या. पुढे बसलेले आईवडील मेले, मागे त्यांची मुलं होती. छायाचित्रकार क्रिस हॉन्ड्रोस त्या तुकडीसोबत होता म्हणून जगाला ते दिसलं. तिथे तर दांडाही नव्हता, रस्त्यात उभे असलेले सैनिक होते. अशा वेळी 'नाक्यावर' न म्हणता 'रस्त्यावर गस्तीच्या तुकडीने' म्हणावं. दोन शब्द जास्त लागतात, लागू द्यावेत.

आता क्रियापदाकडे येऊ. खरी गोम तिथे आहे.

मराठीत होणे आणि करणे यांच्या जोड्या पडतात. गोळीबार होतो, गोळीबार करतात. ठार होतो, ठार करतात. 'सैनिकांनी गोळ्या झाडल्या' या वाक्यातून 'सैनिकांनी' काढून पाहा. नुसतं 'गोळ्या झाडल्या' उरतं, व्याकरण कुठेही अडखळत नाही, कारण 'झाडल्या' हे रूप गोळ्यांप्रमाणे चालतं. पण अर्थ अडखळतो. ऐकणारा लगेच विचारतो, कुणी? त्या वाक्यात कर्त्याची जागा रिकामी असते आणि ती रिकामी दिसते. 'गोळीबार झाला' या वाक्यात ती जागाच नाही. पाऊस झाला, भूकंप झाला, गोळीबार झाला. कुणी हा प्रश्न मनात उगवतच नाही. बातम्यांचं लाडकं 'गोळीबार करण्यात आला' हे रूप मला रुक्ष वाटतं, पण निदान त्यात करणे आहे, निदान 'कुणाकडून' असं विचारता येतं. 'होणे' तेवढीही सोय ठेवत नाही.

याच्याही पुढची पायरी म्हणजे 'सुटणे'. वारा सुटतो, घाम सुटतो, गाठ सुटते. 'गोळी सुटली' म्हटलं की बंदूक आपली आपण चालली. उत्तर आयर्लंडमध्ये ऑख्नाक्लॉयच्या सरहद्दीवरच्या नाक्यापाशी 21 फेब्रुवारी 1988 रोजी 23 वर्षांचा एक तरुण फुटबॉलच्या मैदानाकडे चालत निघाला होता. नाक्यावरच्या ब्रिटिश सैनिकाच्या मशीनगनमधून गोळ्या आल्या, एक रस्त्यावर आपटून उसळली आणि त्याच्या पाठीत घुसली. हात ओले होते, बोट घसरलं, असं सैनिकाने सांगितलं. म्हणजे गोळी सुटली. नोव्हेंबर 2022 मध्ये न्यायालयाने ते मानलं नाही. बंदुकीचा खटका चढवलेला नाही असं गृहीत धरून सैनिकाने त्या तरुणावर नेम धरला आणि चाप ओढला, असा निष्कर्ष काढून सदोष मनुष्यवधाचा दोष ठेवला. 'सुटली'पासून 'ओढला'पर्यंत यायला चौतीस वर्षं लागली.

आणखी एक शब्द प्रश्नकर्त्याने विचारलेला नाही, पण मला तो सगळ्यात जास्त टोचतो: 'इशाऱ्याला न जुमानता'. जुमानणे हे क्रियापद आपण जवळजवळ नेहमी नकारातच वापरतो. तो कुणाला जुमानत नाही, म्हणजे त्याला कळलं आहे, ऐकू आलं आहे, आणि तरी त्याने ते झुगारलं आहे. उद्धटपणा या शब्दाच्या पोटातच आहे. पुन्हा 'इशारा'सुद्धा दुहेरी: हाताची खूणही इशारा आणि धमकीवजा ताकीदही इशाराच. सैनिकांच्या खुणांच्या भाषेत वर धरलेली मूठ म्हणजे थांब. परक्या देशातल्या चालकाला ती मूठ तशी कळेलच कशी? हवेत झाडलेली गोळी हा सैनिकाच्या लेखी इशारा. कुठून तरी गोळ्या येताहेत असं वाटलेल्या चालकाचा पाय मात्र ॲक्सिलरेटरवरच पडणार. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी शंभर मीटर अंतर सहा सेकंदांत कापते. त्या सहा सेकंदांत हात, आरोळी, दिवा, हवेतली गोळी आणि मग अंगावरची गोळी, एवढं सगळं घडायचं असतं. 'न जुमानता' हा शब्द त्या सहा सेकंदांत माणसाने विचार करून बंड केलं असं सांगतो.

सैनिकाची भीती खोटी नसते, हेही लिहिलं पाहिजे. 29 मार्च 2003 रोजी इराकमध्ये नजफजवळच्या नाक्यावर टॅक्सीतल्या आत्मघाती स्फोटात चार अमेरिकी सैनिक मेले. दोनच दिवसांनी त्याच भागात बायकामुलांनी भरलेल्या गाडीवर गोळ्या चालल्या. लष्कराचं पहिलं निवेदन असं होतं: इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, मग इंजिनावर, आणि शेवटचा उपाय म्हणून आतल्या माणसांवर, सात ठार. तुकडीसोबत असलेल्या वॉशिंग्टन पोस्टच्या वार्ताहराने मात्र दहा मृत लिहिले, त्यांत पाच मुलं. इशाऱ्याची गोळी वेळेवर न झाडल्यामुळे तुम्ही एक कुटुंब मारलंत, असं कॅप्टन आपल्याच माणसांवर ओरडल्याचंही त्याने नोंदवलं. पुढे 2010 मध्ये अफगाणिस्तानातले अमेरिकी सेनापती मॅकक्रिस्टल यांनी आपल्या सैनिकांशी बोलताना कबूल केलं की थक्क व्हावं इतक्या लोकांवर आपण गोळ्या झाडल्या, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांतला एकही जण धोका ठरला नाही. 'न जुमानता' म्हणून ज्यांची बातमी झाली असेल त्यांच्याबद्दलचं हे खुद्द सेनापतीचं वाक्य.

आपल्याकडचं उदाहरण नागालँडच्या मोन जिल्ह्यातलं. 4 डिसेंबर 2021 रोजी ओटिंगजवळ खाणीतून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या तुकडीने दबा धरून गोळ्या झाडल्या, सहा जण गेले. थांबण्याचा इशारा केला पण गाडी वेगाने पळू लागली, असं गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं. वाचलेल्या मजुरांचं म्हणणं होतं की इशारा झालाच नाही. ओळख न पटवता गोळीबार केला, असा निष्कर्ष राज्य पोलिसांच्या तपासाने नंतर काढला. पण टीव्हीवर इशाऱ्याचं वाक्य पहिल्या दिवशी येतं आणि तपासाचं वाक्य सहा महिन्यांनी, आलं तर.

पहिलं वाक्य बहुतेक वेळा लष्कराचंच असतं, कारण त्या घटकेला बोलायला दुसरं कुणी जागेवर नसतं. त्यात गैर काही नाही, फक्त ते कुणाचं वाक्य आहे हे त्याच दमात सांगावं. निवेदक 'लष्कराच्या म्हणण्यानुसार' असं म्हणतोही, पण खालच्या पट्टीत जागा अपुरी म्हणून पहिली कात्री त्याच दोन शब्दांवर चालते. उरतं ते 'गाडी थांबली नाही, गोळीबारात सात ठार'. दावा होता तो घटना होऊन बसतो. 'लष्कराचा दावा: गाडी थांबली नाही' हे पट्टीत सहज मावतं.

'निष्पाप नागरिक'बद्दल थोडक्यात: 'निष्पाप' गाळावं. जो लढत नव्हता त्याच्या पापपुण्याचा हिशेब बातमीने मांडायचं कारण नाही. 'प्राण गमावले' हेही टाळावं, प्राण काही त्यांच्या हातून हरवले नव्हते. 'ठार' पुरे.

पट्टीवर जागा नसते ही अडचण खरी आहे, म्हणून नजफच्या घटनेवर, लष्कराचाच आकडा धरून, दोन ओळी करून पाहिल्या. 'नाक्यावर इशाऱ्याला न जुमानल्याने गोळीबार, सात ठार.' आणि 'नाक्यावर सैनिकांनी मोटारीवर गोळ्या झाडल्या, सात ठार.' दोन्हींत शब्द सातच आहेत.